रेषा ओलांडली, मग टॅग कशाला?

हिरव्या संघाचा मॅनेजर माझ्याकडे चालत आला तेव्हा त्याच्या हातात घडी घातलेला कागद होता आणि तो ओरडत नव्हता. ओरडणाऱ्यांचं मला काही वाटत नाही, चार मिनिटांत पाणी पिऊन शांत होतात. कागद घेऊन येणारा माणूस आला की मात्र पोटात गोळा येतो.

"ब्लू," तो म्हणाला, "आमचा माणूस रेषेच्या पुढे गेला होता, असं आत्ता तुम्हीच म्हणालात. मग टॅग कशाला मोजलात?"

टॅग म्हणजे हातातला चेंडू धावणाऱ्याच्या अंगाला लावून त्याला आऊट करणं. अमेरिकेत सॉफ्टबॉलच्या अंपायरला सगळे ब्लू म्हणतात, शर्टाच्या रंगावरून. नाव कोणी विचारत नाही. घरी ही गोष्ट सांगितल्यापासून बायको मला निळोबा म्हणते. तर त्या मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता निळोबांना या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. उत्तर नव्हतं, कारण मॅनेजरचं बरोबर होतं.

त्या एका मिनिटावर इतकं लांबलचक लिहितोय, कारण वयस्करांच्या सॉफ्टबॉलमध्ये पंचगिरी करताना नेमकं कुठे घसरायला होतं ते त्यात सगळं सापडतं. चूक नजरेची नव्हती. डोळ्यांनी बरोबर पाहिलं होतं, तोंडाने भलताच खेळ बोलून टाकला.

आधी मैदान समजून घ्या

महाराष्ट्रात शाळा-कॉलेजात जो सॉफ्टबॉल खेळतात तो फास्ट पिच, म्हणजे चेंडू वेगात येतो. मीही जळगावला कॉलेजात तोच खेळलो: कॅचर होतो, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू पकडणारा, आणि तिसऱ्या बेसवरून येणाऱ्याला होम प्लेटवर (बॅटर जिथून मारतो ती जागा; तीन बेस फिरून तिथे परतलं की रन) अडवून टॅग करणं हीच माझी ओळख होती. हे मुद्दाम सांगतोय, पुढे कामाला येईल.

इथे सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्वेकडच्या आमच्या गावात मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी जो चालतो तो स्लो पिच. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, तो वर उडवून टाकतो. यूएसए सॉफ्टबॉलच्या नियमांत (२०१७पर्यंत या संस्थेचं नाव अमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशन होतं) इतर प्रौढांसाठी चेंडूची कमान जमिनीपासून ६ ते १० फूट हवी, ज्येष्ठांना १२ फुटांपर्यंत सूट आहे. प्लेटच्या मागे रबरी चटई जोडलेली असते. नीट कमान घेऊन चेंडू प्लेटवर किंवा चटईवर पडला आणि बॅटरने मारला नाही, की स्ट्राइक. गुडघा ते खांदा वगैरे वाद नाही. बंट (बॅट नुसती आडवी धरून चेंडू जवळच पाडणं) नाही, बेसची चोरी (फटक्याआधीच पुढच्या बेसकडे पळणं) नाही. पहिला बेस दुहेरी असतो, अर्धा पांढरा आणि अर्धा नारिंगी. धावणाऱ्याने नारिंगीवर पाय द्यायचा, बेस राखणाऱ्याने पांढऱ्यावर, म्हणजे एकाची टाच दुसऱ्याच्या पायावर येत नाही. ज्याला पळवत नाही त्याच्या जागी दुसरा पळतो. एका इनिंगमध्ये जास्तीत जास्त ५ रन, शेवटची इनिंग तेवढी खुली.

या सगळ्यात या प्रकरणाशी संबंध आहे तो होम प्लेटपाशी काय होतं याचा. आमच्याकडे तिसऱ्या बेसपासून होमकडे येताना, होमच्या २० फूट अलीकडे, चुन्याची एक आडवी रेषा मारलेली असते: कमिटमेंट लाइन. ती ओलांडली की धावणाऱ्याला मागे फिरता येत नाही. फिरून पुन्हा रेषेपलीकडे तिसऱ्या बेसच्या बाजूला गेला तर आऊट. रेषा ओलांडल्यावर त्याने खऱ्या होम प्लेटला शिवायचंच नाही. उजव्या हाताच्या बॅटरच्या चौकोनाच्या मागे, ८ फुटांवर फाउलच्या बाजूला (खेळाच्या हद्दीबाहेर) दुसरी प्लेट असते, तिला स्कोअरिंग प्लेट म्हणतात. तिच्यावर पाय ठेवायचा. खरी प्लेट बचाव करणाऱ्यांची. हातात चेंडू घेऊन, धावणारा स्कोअरिंग प्लेटला पोहोचायच्या आत कोणीतरी खऱ्या प्लेटवर पाय ठेवला की तो आऊट. आणि रेषेच्या पुढे आलेल्या माणसाला टॅग करून आऊट करता येत नाही. चेंडू त्याच्या पाठीला दहा वेळा लावला तरी शून्य.

नवखे लोक हे ऐकून म्हणतात, म्हाताऱ्यांसाठी सोपा केलाय खेळ. सोपा नाही केलेला, उलट डोक्याला जास्त काम आहे. ही वाहतुकीची आखणी आहे: दोन वयस्कर शरीरं एका वेळी एका जागी येता कामा नयेत. फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गला किड्स अँड कब्स नावाचा क्लब १९३०पासून आहे, तो पंचाहत्तरीच्या आसपासच्या आणि त्यापुढच्या खेळाडूंचा. त्या वयात कोणी होम प्लेटवर कॅचरच्या छाताडावर जाऊन आदळला तर पुढचा सीझन दोघांनाही व्हीलचेअरवरून बघावा लागेल.

ते एक मिनिट

सत्तरीपुढचा गट. सातव्या इनिंगचा उत्तरार्ध, दोन आऊट, तांबडे १७, हिरवे १६. हिरव्यांचा एक गडी दुसऱ्या बेसवर. मनातल्या मनात मी त्यांना मिशीवाले म्हणतो. वय ७४, एक गुडघा धातूचा. बेसवर पोहोचल्यावर मॅनेजरने विचारलं होतं, "बदली धावणारा देऊ?" यावर त्यांनी नुसतं तोंड वाकडं केलं होतं.

दुसरा अंपायर त्या दिवशी आलाच नव्हता. कबड्डीच्या मैदानावर सरपंच वेगळा, दोन बाजूंना दोन पंच वेगळे. रेषेवर डोळा ठेवायला कोणीतरी असतंच. इथे मी एकटाच सगळं. प्लेटच्या मागे, जरासा पहिल्या बेसच्या बाजूला उभा.

बॅटरने मैदानाच्या डाव्या आणि मधल्या भागामधून सरळ फटका मारला. मिशीवाले निघाले. मी तिसऱ्या बेसवर त्यांचा पाय पडताना बघितला, मग मान वळवून बॅटर पहिल्या बेसच्या पुढे जातोय का ते बघितलं (थांबला होता), आणि पुन्हा इकडे वळलो. तेवढ्यात शॉर्टस्टॉपचा (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा) थ्रो येत होता. जरा बाहेरून आला, तिसऱ्या बेसच्या बाजूला ओढलेला. कॅचरने प्लेट सोडली, चार-पाच पावलं पुढे जाऊन चेंडू पकडला. हे तांबड्यांचे कॅचर, आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेले, वय ७१. त्यांना सगळेच प्रोफेसर म्हणतात.

मिशीवाल्यांनी मान वर केली तर समोर प्रोफेसर, हातमोज्यात चेंडू. ते थबकले आणि गर्रकन मागे फिरले. गर्रकन म्हणजे त्या गुडघ्याला जमेल तितकं. प्रोफेसर दोन पावलं पुढे गेले आणि त्यांनी हातमोजा मिशीवाल्यांच्या पाठीला टेकवला. इतका हळुवार, की रेल्वेच्या डब्यात कोणी 'जरा सरकता का' म्हणावं तसा.

माझी मूठ वर गेली. "आऊट!"

प्रोफेसरांनी चेंडू पिचरकडे घरंगळत सोडून दिला. तांबडे एकमेकांच्या पाठी थोपटू लागले. हस्तांदोलनाची रांग लागायला सुरुवात झाली. हिरव्यांचा मॅनेजर तिसऱ्या बेसजवळ कोच म्हणून उभा होता. त्याने तिथूनच विचारलं, "रेषा ओलांडली होती का त्याने?"

आणि मी छातीठोकपणे उत्तर दिलं, "हो, ओलांडली होती. परत फिरता येत नाही. टॅग झाला, आऊट."

तीन वाक्यं. पहिलं खरं, दुसरं खरं, आणि तिसऱ्याचा पहिल्या दोघांशी काही संबंध नाही.

कागदावर काय निघतं

मॅनेजरने नियमांचा कागद उलगडला तोवर माझ्याही डोक्यात प्रकाश पडला होता. शक्यता तीनच होत्या. मिशीवाल्यांनी रेषा ओलांडलीच नसेल, तर नेहमीचा सॉफ्टबॉल: टॅग चालतो, आऊट. ओलांडून, फिरून, पुन्हा रेषेपलीकडे गेले असतील, तरी आऊट, पण परत फिरल्याबद्दल. टॅग झाला काय, न झाला काय. आणि ओलांडली, फिरले, पण रेषेच्या आतच असताना हातमोजा लागला असेल, तर काहीच झालेलं नाही. चेंडू जिवंत आहे, मिशीवाले अजून स्कोअरिंग प्लेटकडे जाऊ शकतात, आणि प्रोफेसरांनी प्लेटवर पाय ठेवायचा राहिला आहे.

मी पाहिलं होतं ते तिसरं. चुना सातव्या इनिंगपर्यंत पायांनी पुसला गेला होता, मधला भाग जवळजवळ नाहीसाच; पण फाउलच्या बाजूला गवताच्या कडेपाशी वीतभर पांढरा तुकडा शिल्लक होता. मिशीवाल्यांचे दोन्ही बूट त्या तुकड्याच्या होमकडच्या बाजूला होते. टॅग लागला तेव्हाही.

मग मी मूठ का वर केली? जळगावचा कॅचर जागा झाला, दुसरं कारण नाही. चेंडू आला, धावणारा फिरला, पाठीला हातमोजा लागला, हाताने आपलं काम केलं. आणि गंमत म्हणजे तिघांचंही तेच झालं होतं. मिशीवाले तरुणपणीच्या सवयीने मागे फिरले. प्रोफेसरांनी तरुणपणीच्या सवयीने टॅग केला. मी तरुणपणीच्या सवयीने आऊट दिला. तीन म्हातारे, तिघांचा मिळून दोनशेच्या वर वयाचा आकडा, आणि तिघेही पन्नास वर्षांपूर्वीचा खेळ खेळत होते.

मोह

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. सुटकेची एक वाट होती, आणि ती अगदी सोपी होती.

सॉफ्टबॉलमध्ये पंचाच्या नजरेच्या निर्णयावर प्रोटेस्ट, म्हणजे अधिकृत हरकत, करता येत नाही. पाय आत की बाहेर, आधी की नंतर, हे पंचाने पाहिलं तेच खरं. प्रोटेस्ट होतो तो नियम चुकीचा लावल्यावर, तोही पुढचा चेंडू पडायच्या आत. आणि शेवटचा खेळ असेल तर पंच मैदान सोडून जायच्या आत. मी एवढंच म्हणायचं होतं, "मघाशी बोलण्यात चूक झाली, रेषा ओलांडलीच नव्हती." संपलं. नजरेचा प्रश्न झाला असता. रेषा पुसलेली, दुसरा अंपायर नाही, कॅमेरा नाही. खुद्द मिशीवाल्यांनासुद्धा आपला पाय कुठे होता ते ठाऊक नव्हतं.

दोन-तीन सेकंद हे वाक्य माझ्या जिभेवर होतं. मग मी मास्क काढून काखेत धरला आणि म्हणालो, "तुमचं बरोबर आहे. नियम मी चुकीचा लावला. दोन्ही मॅनेजरांनी जरा इकडे या."

तांबड्यांचा मॅनेजर आला तो हस्तांदोलनाच्या रांगेतूनच. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

आता द्यायचं काय?

चूक मान्य करणं हा सोपा भाग होता. खरी पंचाईत पुढे होती: माझ्या ओरडण्याने खेळ थांबला होता. ते ओरडणं परत घ्यायचं तर खेळ कुठून आणि कसा पुढे न्यायचा? सॉफ्टबॉलमध्ये 'चला, पुन्हा खेळू' असं नसतं. नियम एवढंच म्हणतो, की पंचाने आपला निर्णय फिरवल्यामुळे कोणत्याही बाजूचं नुकसान होत असेल तर मुख्य पंचाला परिस्थिती सावरून घेण्याचा अधिकार आहे, पुढचा चेंडू पडायच्या आत. कशी सावरायची, हे त्याच्यावर.

तांबड्यांचा मॅनेजर हुशार निघाला. तो म्हणाला, "टॅग लागला तिथून प्लेट किती लांब? सहा-सात पावलं. आमचा पिचर प्लेटजवळच उभा होता. तुम्ही ओरडला नसतात तर प्रोफेसरने त्याच्याकडे चेंडू टाकला असता, त्याने प्लेटवर पाय ठेवला असता. तुमचा गडी तर उलट्या दिशेला तोंड करून उभा. आऊट तो झालाच असता."

हिरव्यांच्या मॅनेजरने कागद घडी करून खिशात ठेवला. "टाकला असता? त्याला ते आठवलं असतं तर त्याने टॅग केलाच नसता. मी तिसऱ्या बेसवरून 'होमला जा, होमला जा' म्हणून घसा फोडत होतो. त्यांच्याकडून 'प्लेट' असा एक तरी आवाज आला का?"

नव्हता आला. ते मला आठवत होतं.

मी जागेवर जाऊन उभा राहिलो, प्लेटकडे बघितलं, स्कोअरिंग प्लेटकडे बघितलं. दोन्ही साधारण सारख्याच अंतरावर. शर्यत लावली असती तर प्रोफेसर जिंकले असते, यात शंका नाही. मिशीवाल्यांना आधी वळायलाच दीड सेकंद लागला असता. पण शर्यत लागायला दोघांना कुठे पळायचं ते माहीत असायला हवं, आणि ते सांगणारा माणूस फक्त एका बाजूला होता.

मी रन दिला. १७–१७, दोन आऊट, बॅटर पहिल्या बेसवर.

तांबड्यांकडून जो आवाज आला तो इथे लिहिण्यासारखा नाही. एकाने तर टोपी जमिनीवर आपटली आणि मग ती उचलायला वाकताना कमरेवर हात ठेवला, त्यामुळे रागाचा परिणाम थोडा कमी झाला. पुढच्या बॅटरने राइटला उंच झेल दिला. सव्वा तासाची मर्यादा संपली होती, साडेदहाला पुढची मॅच, नवी इनिंग नाही. बरोबरी.

नंतरचे हिशेब

त्या आठवड्यात मी हे प्रकरण एका जुन्या अंपायरपुढे मांडलं. त्यांनी मला सुरुवातीला शिकवलं होतं आणि अजून इंडिकेटरच्या (पंचाच्या हातातलं मोजणीचं यंत्र) चाकांकडे न बघता बोटांनी बॉल-स्ट्राइक मोजतात. त्यांचं मत स्पष्ट होतं: आऊट द्यायला हवा होता. चेंडू बचाव करणाऱ्यांकडे, प्लेट जवळ, धावणारा पाठमोरा. साध्या प्रयत्नात आऊट होणारा माणूस पंचाच्या चुकीमुळे रन कसा काय मिळवतो? "चूक तुझी, आणि बक्षीस ज्याने मागे फिरायची चूक केली त्याला?"

युक्तिवाद बिनतोड आहे, मान्य. तरी मी आजही रनच देईन. एक कारण तिथेच दिलं: आऊट करणं हे बचाव करणाऱ्यांचं काम, आणि त्यांनी ते केलं नव्हतं, जे केलं ते या मैदानावर मोजलंच जात नाही. दुसरं कारण मला नंतर, घरी चहा पिताना सुचलं, आणि मला ते पहिल्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. टॅग या रेषेपुढे का चालत नाही? कॅचरने धावणाऱ्याच्या वाटेत यावंच लागू नये म्हणून. प्रोफेसर थ्रोच्या मागे वाटेत आले, त्याला इलाज नव्हता. पण चेंडू हातात आल्यावर मागे प्लेटकडे जायचं सोडून ते आणखी पुढे गेले, समोरून येणाऱ्या माणसाच्या दिशेने. त्या दिवशी मिशीवाले थांबले म्हणून हातमोजा पाठीला टेकला. न थांबते तर? त्या पायांना ब्रेक नाहीत. टॅगच्या शेवटी मी कोणत्याही वाटेने आऊट दिला असता, तर पुढच्या मंगळवारी मैदानावरच्या प्रत्येक कॅचरच्या डोक्यात एवढंच राहिलं असतं की पुढे जाऊन टॅग केला तरी आऊट मिळतो. नियमाचा तपशील कोणाच्या लक्षात राहत नाही, काय मिळालं ते राहतं.

जुने अंपायर यावर म्हणाले, "पंचाने शिकवायचं नसतं, निकाल द्यायचा असतो." तेही खरं. आम्ही तिथेच सोडलं.

दोन चुकांवर मात्र आमचं एकमत झालं. एक, मी चुकीच्या जागी उभा होतो. एकटा असताना धावणारा दुसऱ्या किंवा तिसऱ्या बेसवर असेल आणि फटका बाहेर गेला, की प्लेटमागून निघून तिसऱ्या बेसच्या बाजूला फाउलमध्ये यायचं, म्हणजे कमिटमेंट लाइन डोळ्यांसमोर दोरीसारखी सरळ दिसते आणि प्लेट, स्कोअरिंग प्लेट दोन्ही नजरेत राहतात. मी होतो तिथून प्रोफेसरांची पाठ अर्धं दृश्य झाकत होती. बूट दिसले ते नशीब. दुसरी, मूठ फार लवकर वर गेली. रेषेपुढे काहीही घडलं की आधी खाली बघायचं, प्लेटवर कोणाचा पाय आहे का, मग स्कोअरिंग प्लेटकडे, आणि तोवर हात मांडीला चिकटलेले. बोललो असतो तर एवढंच बोलायचं होतं, "टॅग नाही, चेंडू चालू." पुढचं त्या दोघांनी बघून घेतलं असतं.

चुन्याचं म्हणाल तर तो अंपायरचा प्रश्न नाही असं मी आजवर समजत होतो. पुढच्या मंगळवारी वीस मिनिटं आधी गेलो, शेडमधून चुन्याची गाडी काढली आणि रेषा स्वतः मारली, फाउलच्या बाजूला तीन फूट जास्त लांब. प्रोफेसर गुडघ्याला पट्टा बांधत बाकावर बसले होते. म्हणाले, "अजून जाड मारा, ब्लू. मला इथूनसुद्धा दिसायला पाहिजे."

तिसऱ्या इनिंगमध्ये पुन्हा तसाच थ्रो आला, बाहेरून. प्रोफेसरांनी दोन पावलं पुढे जाऊन चेंडू पकडला, रेषेकडे बघितलं, धावणाऱ्याकडे बघितलंच नाही, आणि उलट्या पावलांनी सावकाश मागे येत प्लेटवर पाय ठेवला. मग हातमोजा उंच धरून अभिमानाने माझ्याकडे पाहिलं. धावणारा तोवर स्कोअरिंग प्लेटवरून जाऊन पाण्याच्या नळाशी पोहोचला होता.

"सेफ," मी म्हणालो.